नाव कोठे संपते, आज्ञा कोठे सुरू होते?

विद्यार्थी मित्रहो, श्रुतलेखनाचा तास आठवून पाहा. बाई उतारा सांगत आहेत आणि तुम्ही तो वहीत उतरवून घेत आहात. "सूर्य उगवला, पूर्णविराम. पाखरे किलबिलू लागली, पूर्णविराम." तुम्ही "सूर्य उगवला" हे शब्द लिहिता आणि "पूर्णविराम" हा शब्द ऐकताच एक टिंब देता. पूर्णविराम हा शब्द कोणी लिहीत नाही. एखाद्याने लिहिलाच, तर वर्गात हशा पिकतो.

आता समजा, उतारा व्याकरणाच्या पुस्तकातला आहे. बाई म्हणतात, "वाक्य संपले की द्यावा लागतो तो पूर्णविराम, पूर्णविराम." आली का पंचाईत? पहिल्या वेळी तो शब्द लिहायचा आहे आणि दुसऱ्या वेळी टिंब द्यायचे आहे. कानाला दोन्ही सारखेच. तरीही तुम्ही बरोबर लिहाल, कारण तुम्हाला वाक्याचा अर्थ कळतो. एकदा तो शब्द मजकुराचा भाग आहे आणि एकदा ती लिहिणाऱ्याला दिलेली सूचना आहे, हे तुम्ही ओळखता.

पण ज्याला अर्थ कळतच नाही, त्याने काय करावे? संगणक हा असा विद्यार्थी आहे. तो अतिशय आज्ञाधारक आणि विलक्षण वेगवान आहे, पण अर्थाच्या बाबतीत कोरा आहे. मजकूर आणि सूचना यांतला फरक त्याला चिन्हांवरूनच ओळखावा लागतो. ते चिन्हच फसवे निघाले, तर एखाद्या निरपराध मुलीचे नाव यादीत चढत नाही. आणि कधी कधी तर हजारो लोकांची खाजगी माहिती चोराच्या हाती लागते. हे कसे घडते आणि ते कसे टाळावे, हे आज पाहू.

माहितीचा साठा आणि त्याची भाषा

शाळेचे हजेरीपत्रक तुम्ही पाहिले आहे. उभे रकाने आणि आडव्या ओळी. एका रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात आडनाव, चौथ्यात जन्मतारीख. संगणकातही माहिती बहुतेक वेळा अशाच कोष्टकांत ठेवलेली असते. अशा नीट मांडलेल्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. बँकेतील खाती, रेल्वेची आरक्षणे, परीक्षेचे निकाल हे सारे डेटाबेसमध्येच राहते.

सगळी माहिती अशा कोष्टकांच्या रूपात मांडावी आणि ती कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता विचारणाऱ्याला नसावी, ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. कॉड त्या वेळी अमेरिकेतील आयबीएम कंपनीत काम करीत होते. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी एक सोपी भाषा सुचवली. तिचे नाव होते सीक्वेल. ते नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाल्यामुळे पुढे तिला एसक्यूएल म्हणू लागले. १९८६ साली अमेरिकेत तिचे प्रमाण रूप ठरले आणि आज जगातील बहुतेक मोठे डेटाबेस हीच भाषा समजतात.

या भाषेतील शब्द इंग्रजी असतात. येथे आपण ते उच्चारानुसार देवनागरीत लिहू. चिन्हे मात्र जशीच्या तशी ठेवू. एक आज्ञा अशी दिसते:

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = 'जोशी'

अर्थ सरळ आहे. "विद्यार्थी नावाच्या कोष्टकातून, ज्या ओळीत आडनाव जोशी असेल, त्या ओळीतील सर्व काही निवड." तारकाचिन्हाचा अर्थ "सर्व रकाने" असा आहे.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. जोशी या शब्दाभोवती एकेरी अवतरणचिन्हे आहेत, पण विद्यार्थी किंवा आडनाव या शब्दांभोवती नाहीत. असे का? विद्यार्थी हे कोष्टकाचे नाव आहे आणि आडनाव हे रकान्याचे. हे शब्द आज्ञेचे अवयव आहेत. जोशी मात्र निव्वळ मजकूर आहे. अवतरणचिन्हे त्याच्याभोवती कुंपण घालून संगणकाला सांगतात, "याच्या आतल्या अक्षरांचा अर्थ लावू नकोस, ती फक्त जशीच्या तशी जुळवून पाहा."

संगणक आज्ञा कशी वाचतो?

आपण वाक्य एका नजरेत वाचतो. संगणक ते डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर घेत वाचतो. वाचताना तो एकच गोष्ट लक्षात ठेवतो: मी कुंपणाच्या बाहेर आहे की आत? सुरुवातीला तो बाहेर असतो. बाहेर भेटलेला प्रत्येक शब्द तो आज्ञेचा भाग समजतो. एकेरी अवतरणचिन्ह भेटले की तो आत जातो. आत भेटलेले प्रत्येक अक्षर मजकूर. पुन्हा तसेच चिन्ह भेटले की तो बाहेर येतो.

म्हणजे कुंपणाचे दार उघडण्याचे आणि बंद करण्याचे चिन्ह एकच आहे. दार कोणी लावले, कशासाठी लावले, हे संगणक विचारत नाही. चिन्ह दिसले की तो उंबरठा ओलांडतो. हे एवढे वाक्य लक्षात ठेवा. पुढचे सगळे त्यातूनच निघते.

जोडून केलेले वाक्य

आज्ञा दर वेळी हाताने कोणी लिहीत नाही. शाळेच्या कार्यालयातील लिपिक पडद्यावरच्या चौकटीत आडनाव टाइप करतो आणि "शोधा" हे बटण दाबतो. चौकटीतले आडनाव घेऊन आज्ञेचे पूर्ण वाक्य तयार करण्याचे काम एक प्रोग्राम करतो. नवशिका प्रोग्रामर ते बहुधा असे करतो:

आज्ञा = "सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = '" + आडनाव + "'"

ही चिन्हांची दाटी पाहून घाबरू नका. येथे दोन भाषा एकात एक बसल्या आहेत, डब्यात डबी असावी तशा. बाहेरचा डबा म्हणजे प्रोग्रामची भाषा. तिचा मजकूर येथे दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवला आहे. आतली डबी म्हणजे डेटाबेसची भाषा. तिचा मजकूर एकेरी चिन्हांत आहे. अधिकचे चिन्ह म्हणजे तुकडे एकापुढे एक जोडणे.

तुकडे तीन आहेत. पहिला तुकडा "सिलेक्ट" पासून सुरू होतो आणि कुंपण उघडणाऱ्या एकेरी चिन्हापाशी संपतो. मधला तुकडा म्हणजे लिपिकाने टाइप केलेले आडनाव. तिसऱ्या तुकड्यात कुंपण बंद करणारे एकच एकेरी चिन्ह आहे. लिपिकाने जोशी टाइप केले की तिन्ही तुकडे जोडून आपण वर पाहिलेले वाक्य तयार होते. पाटील, शेख, कांबळे, कुलकर्णी, कोणतेही आडनाव टाका, काम चोख होते. प्रोग्रामर खूश, लिपिक खूश, मुख्याध्यापकही खूश.

आणि मग जून महिन्यात नवी मुलगी येते

समजा, ही शाळा वसईची किंवा गोव्याची आहे. शाळेत एक नवी मुलगी येते. तिचे आडनाव डिसोझा. मराठीत आपण ते सलग लिहितो. पण रोमन लिपीत लिहिताना पहिल्या डी या अक्षरानंतर वरच्या बाजूला एक छोटी खूण असते. इंग्रजीच्या तासाला तुम्ही तिला अपॉस्ट्रॉफी म्हणता. पोर्तुगीज भाषेत हे आडनाव "दे सोझा" असे दोन शब्दांचे आहे. वसईवर १५३४ ते १७३९ आणि गोव्यावर १५१० ते १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती, त्या काळात अशी आडनावे येथे रुजली. डिसिल्व्हा, डिमेलो, डिकोस्टा ही त्यांचीच भावंडे. आयर्लंडमधील ओब्रायन, ओकॉनर या आडनावांतही ही खूण असते. येथे आपण ती दाखवण्यासाठी डि'सोझा असे लिहू.

लिपिक आडनाव टाइप करतो, बटण दाबतो आणि पडद्यावर उमटते: वाक्यरचना चुकली आहे! काय झाले? जोडलेले वाक्य पाहा:

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = 'डि'सोझा'

आता संगणकाप्रमाणे वाचा. बरोबरच्या चिन्हापर्यंत आपण बाहेर आहोत. पहिले एकेरी चिन्ह आले, आत गेलो. डि हे मजकुराचे अक्षर. पुन्हा चिन्ह आले, बाहेर पडलो! म्हणजे संगणकाच्या मते आडनाव संपले; ते नुसते "डि" होते. पुढे सोझा. हा शब्द कुंपणाबाहेर आहे, म्हणून तो आज्ञेचा भाग असला पाहिजे. पण सोझा नावाची आज्ञा तर नाही. त्यापुढे आणखी एक चिन्ह येते. म्हणजे पुन्हा आत! आणि वाक्य तेथेच संपते. दार उघडेच राहते. संगणक गोंधळून हात वर करतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करू. अशा वेळी कार्यालयातून उत्तर मिळते, "तुमचे नाव चालत नाही. ती खूण काढून टाका." हे उत्तर चुकीचे आहे. नाव बरोबर आहे. चूक वाक्य जोडणाऱ्याची आहे. जन्मदाखल्यावर एक नाव आणि शाळेच्या यादीत दुसरे, अशी स्थिती झाली तर त्या मुलीला पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी खुलासे देत बसावे लागेल. यंत्राने माणसाच्या नावाशी जुळवून घ्यावे, माणसाने यंत्रासाठी नाव बदलू नये.

एका चिन्हाला तीन कामे

हा घोळ मुळात का झाला? सुबक छपाईत अवतरण उघडणारे चिन्ह आणि बंद करणारे चिन्ह वेगवेगळ्या वळणांची असतात. पण टंकलेखन यंत्रावर कळा मोजक्याच. म्हणून उघडणारे एकेरी चिन्ह, बंद करणारे एकेरी चिन्ह आणि अपॉस्ट्रॉफी या तिघांना मिळून एकच सरळ उभी खूण दिली गेली. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणारी आस्की ही पद्धत १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही ही सरळ खूण टिकली आणि तिला ३९ हा क्रमांक आहे. संगणकाला फक्त हा ३९ दिसतो. तो कुंपणाचा ३९ आहे की नावातला, हे त्या आकड्यावर लिहिलेले नसते.

गंमत अशी की, आजचे काही मोबाइल फोन टाइप करताना ही सरळ खूण आपोआप वळणदार करून टाकतात. वळणदार खुणेचा क्रमांक निराळा असल्यामुळे वाक्य मोडत नाही. पण यादीत नाव सरळ खुणेने लिहिलेले असेल, तर शोधूनही सापडत नाही!

पहिला उपाय : चिन्ह दुप्पट करा

एसक्यूएल भाषा तयार करणाऱ्यांनी या अडचणीचा विचार केला होता. त्यांनी नियम केला: कुंपणाच्या आत असताना एकेरी चिन्ह भेटले, तर लगेच पुढचे अक्षर पाहावे. तेही एकेरी चिन्हच असेल, तर या जोडीला मिळून मजकुरातील एक चिन्ह समजावे आणि आतच राहावे. म्हणजे आपले वाक्य असे लिहायचे:

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = 'डि''सोझा'

नीट पाहा, मध्ये आहे ते दुहेरी अवतरणचिन्ह नव्हे. दोन एकेरी चिन्हे शेजारी शेजारी आहेत. आणि यादीत आडनाव साठवले जाते ते एकाच चिन्हानिशी. दुसरे चिन्ह फक्त वाचणाऱ्याला दिलेली खूण आहे. श्रुतलेखनात बाई म्हणतात ना, "पूर्णविराम हा शब्द लिहा"? तेथे "हा शब्द" हे दोन शब्द जे काम करतात, तेच येथे दुसरे चिन्ह करते.

म्हणजे जोडण्यापूर्वी प्रोग्रामने आडनावातील प्रत्येक एकेरी चिन्ह दुप्पट केले की प्रश्न सुटला. सुटला का खरोखर? घाई करू नका.

चुकीतून चोरीकडे

धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिताना मोठी माणसे "रुपये पाच मात्र" असे का लिहितात? "मात्र" कशाला? नुसते "रुपये पाच" लिहून पुढे जागा मोकळी सोडली, तर एखादा लबाड त्यापुढे "हजार" असा शब्द जोडील. "मात्र" हे तुमचे कुंपण आहे. तुमचे लिखाण कोठे संपते, हे ते ठरवते.

जोडून केलेल्या आज्ञेत हे कुंपण परक्याच्या हातात जाते. समजा, शोधाची ती चौकट इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहे आणि कोणी आडनावाऐवजी हे टाइप केले:

' ऑर '१'='१

प्रोग्राम बिचारा जोडतो. तयार होते:

सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = '' ऑर '१'='१'

पुन्हा संगणकाप्रमाणे वाचा. आडनाव रिकामे आहे, किंवा एक बरोबर एक आहे. ऑर म्हणजे किंवा. पहिली अट कोणालाच लागू होत नाही, पण दुसरी? एक बरोबर एक हे तर नेहमीच खरे! म्हणून प्रत्येक ओळ निवडली जाते. एका विद्यार्थ्याची माहिती दाखवणारी चौकट साऱ्या शाळेची माहिती समोर ठेवते. डि'सोझा या नावाने वाक्य मोडले होते. येथे वाक्य मोडले नाही. त्याचा अर्थच बदलला. परक्याने टाइप केलेला मजकूर कुंपण ओलांडून आज्ञा होऊन बसला.

या प्रकाराला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. सुईने औषध शरीरात टोचावे, तशी आज्ञा दुसऱ्याच्या वाक्यात टोचायची. १९९८ सालच्या डिसेंबर महिन्यात "फ्रॅक" या नियतकालिकातील एका लेखात या युक्तीची जाहीर चर्चा झाली. २००७ साली रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने त्यावर एक चित्रमालिका काढली. तिच्यातील आईने मुलाचे नावच असे ठेवलेले असते, की ते यादीत घालताच शाळेचे विद्यार्थ्यांचे अख्खे कोष्टक पुसले जाते!

चित्र विनोदी होते, पण खऱ्या घटना विनोदी नसतात. २०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ब्रिटनमधील टॉकटॉक या टेलिफोन कंपनीच्या जुन्या वेबपानांमधून याच मार्गाने माहिती चोरली गेली. १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती बाहेर पडली. त्यांपैकी १५,६५६ जणांचे बँक खाते क्रमांकही त्यात होते. पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने कंपनीला चार लाख पौंड दंड केला. तोपर्यंत या दोषाचा उपाय साऱ्या जगाला कित्येक वर्षे माहीत होता, हे त्यातले दुःख.

आणि एक सांगून ठेवतो. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००, याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे. "मी फक्त गंमत पाहत होतो" ही सबब चालत नाही. प्रयोग करायचा तो स्वतःच्या संगणकावर, स्वतः तयार केलेल्या यादीवर.

दुप्पट करणे का पुरत नाही?

वरच्या लबाड मजकुरातील चिन्हे दुप्पट केली असती तर? करून पाहा. सारा मजकूर कुंपणाच्या आतच राहतो आणि संगणक त्या विचित्र आडनावाचा विद्यार्थी शोधतो. तो अर्थातच सापडत नाही. मग दुप्पट करणेच पुरे, असे कोणी म्हणेल. पण त्यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला: आकड्यांना कुंपण नसते. "व्हेअर क्रमांक = १२" या आज्ञेत अवतरणचिन्हे नाहीत. तेथे कोणी "१२ ऑर १=१" असे टाइप केले, तर दुप्पट करण्यासारखे एकही चिन्ह त्यात नाही. कुंपणच नाही, तेथे दार मजबूत करून काय उपयोग?

दुसरा: सर्व डेटाबेस एकाच बोलीत बोलत नाहीत. मायएसक्यूएल हा डेटाबेस नेहमीच्या मांडणीत आणखी एक खूण ओळखतो. उलट्या तिरक्या रेघेपुढे आलेले चिन्ह तो मजकुराचे समजतो. कोणी मुद्दाम \' असे टाइप केले आणि आपण भाबडेपणाने चिन्ह दुप्पट करून \'' केले, तर तिरकी रेघ पहिल्या चिन्हाला खाऊन टाकते आणि उरलेले दुसरे चिन्ह दार उघडते. आपणच लावलेले कुलूप चोराची किल्ली होते.

तिसरा: माणूस विसरतो. शंभर ठिकाणी आज्ञा जोडली असेल, तर नव्याण्णव ठिकाणी काळजी घेऊन एक ठिकाण राहून जाते. काही वेळा दोनदा काळजी घेतली जाते. पीएचपी या भाषेत एके काळी बाहेरून आलेल्या मजकुरातील चिन्हांपुढे आपोआप तिरकी रेघ लावण्याची सोय होती. हेतू चांगला होता. पण त्यामुळे भलत्या ठिकाणीही रेघा लागत आणि नाव डि\'सोझा असे छापले जाई. अखेर २०१२ साली ती सोय भाषेतून काढून टाकण्यात आली.

खरा उपाय : रिकामी जागा

रेल्वेच्या आरक्षणाचा छापील अर्ज आठवा. त्यात नावाची चौकट वेगळी, वयाची वेगळी, गाडीच्या क्रमांकाची वेगळी. एखाद्या वात्रट मुलाने नावाच्या चौकटीत "सर्वांना फुकट तिकिटे द्या" असे लिहिले, तर काय होईल? लिपिक सर्वांना तिकिटे वाटील काय? नाही. फार तर तो म्हणेल, "काय विचित्र नाव आहे!" कारण अर्जाचा सांगाडा आधीच छापलेला आहे. चौकटीत काहीही लिहा, ते नावच.

डेटाबेसशी बोलतानाही असेच करता येते:

आज्ञा = "सिलेक्ट * फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = ?"

एक्झिक्यूट(आज्ञा, [आडनाव])

एक्झिक्यूट म्हणजे "आज्ञा चालव". येथे जोडणी नाही. प्रोग्राम डेटाबेसला दोन गोष्टी वेगवेगळ्या देतो. एक, आज्ञेचा सांगाडा. त्यात प्रश्नचिन्ह ही रिकामी जागा आहे. दोन, त्या जागी ठेवायचा मजकूर. डेटाबेस आधी सांगाडा वाचतो, त्याचा अर्थ लावून मोकळा होतो आणि मगच मजकूर हाती घेतो. तोपर्यंत व्याकरणाचे वाचन संपलेले असते. आडनावात एक चिन्ह असो, दहा असोत, "ऑर" असो की तिरकी रेघ, कोणी ते आज्ञा म्हणून वाचणारच नाही. चिन्ह दुप्पट करायला नको आणि काही विसरण्याची भीतीही नको.

एक चूक मात्र हमखास होते. सवयीने विद्यार्थी प्रश्नचिन्हाभोवती एकेरी चिन्हे घालतात. तसे करू नका. '?' असे लिहिले, तर ती रिकामी जागा राहत नाही. ज्याचे आडनाव खरोखरच प्रश्नचिन्ह आहे, असा विद्यार्थी संगणक शोधू लागतो!

या उपायाची मर्यादाही जाणून घ्या. रिकामी जागा फक्त मजकुरासाठी किंवा आकड्यासाठी असते. कोष्टकाचे किंवा रकान्याचे नाव तिच्यात ठेवता येत नाही, कारण ते सांगाड्याचे हाड आहे. नावानुसार यादी लावायची की जन्मतारखेनुसार, अशी निवड वापरणाऱ्याला द्यायची असेल, तर त्याचा शब्द आज्ञेत चिकटवू नये. आपल्याजवळ मान्य रकान्यांची यादी ठेवावी आणि तिच्यातले नाव आपणच घालावे.

एका शिट्टीची साक्ष

हाच धडा टेलिफोन कंपन्यांना फार पूर्वी मिळाला होता. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर बोलणे आणि यंत्रांना द्यायच्या सूचना एकाच वाटेने जात. सेकंदाला २,६०० कंपने असलेला सूर ऐकू आला, की यंत्र समजे, तार मोकळी झाली. १९६० नंतरच्या काळात काही जणांच्या लक्षात आले, की न्याहारीच्या एका खाद्याच्या पुड्यात मिळणारी खेळण्यातली शिट्टी नेमका हाच सूर काढते. फोनमध्ये ती शिट्टी फुंकायची आणि फुकट बोलायचे! बोलणे कोणते आणि सूचना कोणती, हे यंत्राला ओळखता येत नव्हते. सूर बदलून हा प्रश्न सुटला नसता. कोणी तरी नवी शिट्टी शोधलीच असती. १९७६ सालापासून तेथे सूचनांसाठी स्वतंत्र वाट करण्यास सुरुवात झाली आणि हळूहळू शिट्टी मुकी पडली. डेटाबेसमधील रिकामी जागा म्हणजे अशीच स्वतंत्र वाट.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर पायथॉन ही भाषा असेल, तर एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस तिच्याबरोबर बहुधा येतोच. दोन्ही विनामूल्य आहेत. जोशी, शेख आणि डि'सोझा ही तीन आडनावे असलेले एक कोष्टक बनवा. आधी तुकडे जोडून तिन्ही आडनावे शोधा. कोठे अडते ते वहीत लिहा. मग लबाड मजकूर टाइप करा आणि किती ओळी मिळतात ते मोजा. शेवटी रिकाम्या जागेची पद्धत वापरून तेच सर्व पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संगणक नसला तरी हा पाठ फळ्यावर उत्तम होतो. एका विद्यार्थ्याला "संगणक" करावे. त्याने वाक्यातील एकेका अक्षरावर बोट ठेवीत मोठ्याने "बाहेर" किंवा "आत" म्हणत जावे. डि'सोझा या नावापाशी आल्यावर सारा वर्ग आपोआप ओरडतो, "अरे, बाहेर पडला!" तो क्षण समजावून सांगण्याच्या दहा वाक्यांपेक्षा मोलाचा आहे.

आता दोन कोडी.

१. मजकुरात फक्त एकच एकेरी चिन्ह आहे, दुसरे काही नाही. दुप्पट करण्याच्या नियमाने तो एसक्यूएलमध्ये कसा लिहाल?

२. तो म्हणाला, 'थांब' हा मजकूर, आतल्या चिन्हांसह, कसा लिहाल? शेवटी किती चिन्हे येतील?

उत्तरे: पहिल्याचे उत्तर '''' म्हणजे चार चिन्हे, बाहेरची दोन कुंपणाची आणि आतली दोन मिळून एक. दुसऱ्याचे उत्तर 'तो म्हणाला, ''थांब''' असे आहे. शेवटी तीन चिन्हे येतात: दोन मिळून मजकुरातले एक आणि तिसरे कुंपण बंद करणारे.

ही कोडी सोडवता आली, तर नियम तुम्हाला समजला. पण प्रोग्राम लिहायला बसाल, तेव्हा कोड्यांवर विसंबू नका; रिकामी जागाच वापरा. बाहेरून आलेला मजकूर कितीही साधा दिसो, तो आपल्या वाक्यात चिकटवायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. म्हणजे जून महिन्यात शाळेत येणाऱ्या त्या मुलीला कोणी म्हणणार नाही, "तुझे नाव चालत नाही." तिचे नाव यादीत, तिच्या दाखल्यावर आहे तसेच, त्या छोट्याशा खुणेसकट चढेल.